उसाच्या ट्रॉलीमागचे सहा सेकंद

महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. बँकेत काउंटरपलीकडून, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर तेराव्याच्या जेवणात. "टर्बोवाली एसयूव्ही घ्यायची म्हणतोय. पिकअप कसं असतं हो? शून्य ते शंभर किती सेकंदांत?" माझ्याकडे पाच वर्षं १.२ लिटरची टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा असलेली) पेट्रोल गाडी आहे, घर कराडला, सासुरवाडी चिपळूणला आणि मध्ये कुंभार्ली घाट. एवढ्याच भांडवलावर लोक मला जाणकार समजतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

शून्य ते शंभरचा आकडा खोटा नसतो. मोकळा सपाट रस्ता, गाडीत एक-दोन माणसं, पाय शेवटपर्यंत दाबलेला आणि वेळ मोजायला जीपीएस. पण आपण असे निघतो कधी? कराडहून चिपळूणला जाताना थांबलेल्या गाडीवरून शंभर गाठायची वेळ माझ्यावर आजवर आलेली नाही. २०२१मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० आणली तेव्हा शून्य ते साठ पाच सेकंदांत, अशी जाहिरात केली होती. तो आकडा मला आपल्या रस्त्यांच्या जास्त जवळचा वाटला. तरी त्यातही सुरुवात शून्यापासूनच.

माझी परीक्षा वेगळी आहे. गळीत हंगामात कराड-पाटण रस्त्यावर या. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका की मागून ट्रॅक्टर दिसतच नाही. वेग ताशी वीस. तुम्ही मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताय. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबी पंधरा-सोळा मीटर, तुमची गाडी चार, मागे-पुढे दहा-दहा मीटर अंतर धरा. म्हणजे ट्रॅक्टरपेक्षा चाळीस मीटर जास्त कापायचे. वेग दर सेकंदाला ताशी सात किलोमीटरने वाढत असेल तर हे काम साधारण ६.४ सेकंदांत होतं, आणि बाहेर पडताना काटा पासष्टवर असतो. आता समजा पाय दिल्यावर गाडीने एक सेकंद नुसता विचार केला आणि मग साडेपाचनेच वेग घेतला. सव्वाआठ सेकंद. दोन सेकंदांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण समोरून एसटी साठने येत असेल, तर तुमचं आणि तिचं अंतर मिळून पहिल्या गाडीला एकशे ऐंशी मीटर मोकळा रस्ता लागतो आणि दुसरीला सव्वादोनशे. हे जास्तीचे पंचेचाळीस मीटर आमच्याकडच्या वळणांत नसतात.

म्हणून मी ब्रोशरमध्ये पीएस, म्हणजे इंजिनाची कमाल ताकद, शेवटी बघतो. टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) किती आणि मुख्य म्हणजे कितीव्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), हे आधी. ह्युंदाई क्रेटाचं उदाहरण फार छान आहे, कारण एकाच गाडीत दीड लिटरची तीन इंजिनं मिळत आली आहेत. साधं पेट्रोल ११५ पीएस, डिझेल ११६. कागदावर जुळे भाऊ. पण पेट्रोलचा टॉर्क १४४ न्यूटन-मीटर, तोही ४,५०० आरपीएमला. डिझेलचा २५०, दीड हजारापासूनच. टर्बो पेट्रोल १६० पीएसचं, टॉर्क २५३, आणि तो १,५०० ते ३,५०० पर्यंत सलग. ट्रॉलीमागे रांगताना इंजिन दीड-दोन हजारांवरच असतं. साध्या पेट्रोलला तिथून वर न्यायचं तर ते ओरडतं, बायको आपल्याकडे बघते आणि आपण पुन्हा ट्रॉलीमागे जातो.

मात्र "दीड हजारापासून" या शब्दांत एक मेख आहे. टर्बो फिरतो तो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर. पूर्ण ताकदीला त्याचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, पण इंजिनच मंद असेल तर धूर कमी, चाक सुस्त, आणि तुमच्या पायाखाली फक्त एक बारकं १.२ लिटरचं इंजिन. हे मला घाटाने शिकवलं. मे महिना, पोफळीच्या वर, गाडीत सासू-सासरे, बायको, मुलगा, डिकीत आंब्याच्या चार पेट्या. पुढे ट्रक. वळण संपलं, रस्ता मोकळा दिसला, मी तिसऱ्यातच पाय दिला. आरपीएम तेराशे. काहीच झालं नाही. म्हणजे खरोखर काहीच नाही. गाडी ट्रकच्या बाजूला जाऊन लटकली. दोन सेकंदांनी टर्बो जागा झाला आणि गाडीने अशी उसळी घेतली की मागे सगळ्यांच्या माना हलल्या. ट्रकवाल्याने वेग कमी केला म्हणून निभावलं. बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आंबे काय पळून जात नाहीत."

चूक गाडीची नव्हती. आधी दुसरा टाकायचा, आरपीएम दोन हजारांच्या वर आणायचा आणि मगच बाहेर काढायची. ऑटोमॅटिक असली तरी तेच: गिअरबॉक्स ठरवेल तेव्हा ठरवेल, आपण लिव्हरने एक गिअर आधीच खाली आणावा. एएमटीवाल्यांनी (साधाच गिअरबॉक्स, पण गिअर यंत्र बदलतं) तर नक्कीच.

आणि वजन. माझी गाडी रिकामी साडेबाराशे किलो, इंजिन १२० पीएस, म्हणजे टनाला ९६. पाच माणसं आणि आंबे मिळून चारशे किलो चढले की टनाला ७३ उरतात. त्यात पंधरा मीटरला एक मीटर चढ असला तर नुसतं गुरुत्वाकर्षणच दर सेकंदाला ताशी सव्वादोन किलोमीटर खाऊन टाकतं. ब्रोशरमधली गाडी आणि घाटातली गाडी यांचं नाव तेवढं एक असतं.

इंजिनं एवढी बारकी का, असंही लोक विचारतात. कारण टॅक्स. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल तर सवलत, हे २००६पासून चालत आलंय. सप्टेंबर २०२५पासून अशा गाडीला जीएसटी १८ टक्के, मोठीला ४०. मग कंपन्या इंजिन छोटं ठेवतात आणि कमी पडलेली हवा टर्बोने कोंबतात. हवा जास्त कोंबली की पेट्रोलही जास्त ओतावं लागतं, त्यामुळे ॲव्हरेज पायावर आहे. सातारा हायवेवर ऐंशीने गेलो तर मला सतरा मिळतं, कराडच्या बाजारात अकरा. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा ॲव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर काढलेला असतो. तिथे ट्रॉली नसते.

"घाटात हवा विरळ, म्हणून टर्बो हवाच" असं सांगणाराही एक जण भेटतो. शंभर मीटर चढलं की साध्या इंजिनाची साधारण एक टक्का ताकद जाते. सह्याद्रीत तो सहा-सात टक्क्यांचा मामला. लडाखला जायचं असेल तर मुद्दा खरा, तिथे पाच हजार मीटरवर हवाच चाळीस टक्के कमी.

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरचे सगळे घ्या, एसी लावा, शोरूमच्या मुलाने नेहमीचा गुळगुळीत रस्ता सुचवला की गोड बोलून नाही म्हणा आणि एखादा चढ गाठा. तिसऱ्या गिअरमध्ये तिसावरून साठपर्यंत न्या. मनात सेकंद मोजा, पण त्याहून जास्त लक्ष पाय दिल्यापासून पहिला धक्का येईपर्यंतच्या वेळेवर ठेवा.

आमच्या शाखेतल्या एकाने हे अगदी मनावर घेतलं. आई, वडील, बायको आणि पाचवं माणूस म्हणून शोरूमचाच मुलगा मध्ये बसवला, आणि साध्या व टर्बो दोन्ही गाड्या आगाशिवच्या बाजूच्या चढावर पळवून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, टर्बो एक नंबर आहे, तुमचं सगळं पटलं. मग त्याने साधी बुक केली. त्याच्या आईला गाडी लागते.