घरात रेंज नाही पण वायफाय आहे, तेव्हा फोनमध्ये काय काय लावायचं

फोनला रेंजची एक काडी, तीही खिडकीपाशी उभं राहिलं तर. आणि त्याच घरात फायबरचं वायफाय मात्र भरपूर. जांभ्याच्या जाड भिंती आणि डोंगराआडचा टॉवर असलेल्या कोकणातल्या घरांत हे नेहमीचं आहे, आणि पुण्या-मुंबईत तळमजल्यावरचे फ्लॅट, बेसमेंटमधली दुकानं यांचीही तीच गत. यावरचा उपाय बहुतेकांच्या फोनमध्ये आधीपासून आहे, तो म्हणजे वायफाय कॉलिंग, टॉवरऐवजी वायफायवरून लागणारा नेहमीचा कॉल. एअरटेलने ही सोय डिसेंबर 2019 मध्ये आणली, जिओने जानेवारी 2020 मध्ये. व्हीआयने डिसेंबर 2020 मध्ये सुरुवात केली ती महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता या दोन सर्कलमधून. वेगळं ॲप लागत नाही, नंबर तोच राहतो, आणि समोरच्याकडे साधा बटणांचा फोन असला तरी चालतो. भारतातल्या भारतात केलेला असा कॉल पॅकमधला नेहमीचा कॉल म्हणूनच मोजला जातो.

नेमकं होतं काय, हे समजलं की पुढची सेटिंग पाठ करावी लागत नाहीत. फोन तुमच्या वायफायवरून इंटरनेटवर जातो, सिमकंपनीच्या एका दाराशी पोचतो आणि सिममधली गुप्त किल्ली वापरून आपली ओळख पटवतो. मग फोन आणि कंपनी यांच्यात एक बंद बोगदा तयार होतो आणि तुमचं बोलणं त्या बोगद्यातून जातं. म्हणून चहाच्या हॉटेलातल्या उघड्या वायफायवरून कॉल केला तरी शेजारच्या टेबलावरच्याला तो ऐकता येत नाही. पण हे कुलूप फक्त कॉलला आहे. घरातला टीव्ही, कॅमेरा, लॅपटॉप यांचं रक्षण राउटरचा पासवर्ड करतो. शिवाय तुमच्या वायफायवर परक्यांचे चार फोन व्हिडिओ चढवत बसले, तर तुमचा आवाज तुटणारच. म्हणून आधी राउटर, मग फोन, हा क्रम सोडू नका.

राउटरचा पत्ता त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो. बहुतेक वेळा 192.168.1.1, जिओफायबरला 192.168.29.1. ब्राउझरमध्ये तो टाकून आत गेलात की दोन पासवर्ड बदला: राउटरच्या पानात शिरण्याचा आणि वायफायचा. लोक दुसरा बदलतात आणि पहिला स्टिकरवरचाच ठेवतात, म्हणजे घराला नवं कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवण्यासारखं.

मग 'सिक्युरिटी' नावाचा खाना, म्हणजे वायफायला कुठल्या पद्धतीचं कुलूप लावायचं ते. 'वेप' (WEP) हे सगळ्यांत जुनं कुलूप दिसलं तर ते आजच बंद करा, ते 2001 मध्येच फुटलं. 'टीकेआयपी' (TKIP) ही जुनी पद्धत असलेला पर्यायही नको. तो चालू असेल तर आयफोन वायफायच्या नावाखाली 'वीक सिक्युरिटी' असं लिहून दाखवतो. कमीत कमी 'डब्ल्यूपीए 2' (WPA2) आणि त्यात फक्त 'एईएस' (AES) हवं. राउटर 2018 नंतरच्या पिढीचा असेल तर 'डब्ल्यूपीए 2 / डब्ल्यूपीए 3' हा मिश्र पर्याय घ्या. नुसतं 'डब्ल्यूपीए 3' ठेवलं की जुना प्रिंटर आणि जुना टीव्ही जोडलेच जात नाहीत, आणि मग वैतागून सगळं मागे फिरवलं जातं.

पासवर्डबद्दल जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे घरोघरी वायफायचा पासवर्ड म्हणजे कुणाचा तरी मोबाईल नंबर असतो. दहा आकडे म्हणजे पुष्कळ झाले, असं वाटतं. पण मोबाईल नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता 400 कोटी. डब्ल्यूपीए 2 मध्ये तुमचा फोन राउटरला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते, ती घराबाहेर बसून टिपता येते आणि नंतर निवांतपणे पासवर्ड ताडून पाहता येतात. गेमिंगचं एखादं तगडं ग्राफिक कार्ड सेकंदाला वीसेक लाख पासवर्ड ताडतं. भागाकार करून बघा, 400 कोटी शक्यता तासाभरात संपतात. त्यापेक्षा चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. पिठलं, खिडकी, एसटी, मोगरा असे. हेच मात्र घेऊ नका. लांबी 8 ते 63 अक्षरं चालते, आणि वीसच्या पुढे गेलात की हे ताडणं हाताबाहेर जातं. अशी शब्दांची माळ आजीलाही सांगता येते.

'डब्ल्यूपीएस' (WPS), म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडण्याची सोय, बंद करा. त्यातला आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे खऱ्या शक्यता फक्त 11,000 उरतात. वायफायचं नाव लपवण्यात अर्थ नाही. उलट तुमचा फोन जिथे जाईल तिथे ते नाव पुकारत फिरतो. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू करा. वायफाय कॉलिंग त्यावरही व्यवस्थित चालतं. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: फोन वायफाय शेअर करायला जो क्यूआर कोड दाखवतो, त्यात पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो. त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे पासवर्डच टाकणं.

आता फोन. पहिल्यांदा व्होल्टे (VoLTE), म्हणजे 4जीवरून कॉल करण्याची सोय, चालू आहे ना ते बघा. ते बंद असेल तर वायफायवर सुरू झालेला कॉल तुम्ही अंगणात येताच कटतो, कारण तो 4जीवरच सरकू शकतो, 2जीवर नाही. मग वायफाय कॉलिंगचं बटण. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, वायफाय कॉलिंग. शाओमीमध्ये 'सिम कार्ड्स अँड मोबाइल नेटवर्क्स'मध्ये जाऊन सिम निवडा, तिथे 'मेक कॉल्स युझिंग वायफाय' आहे. पिक्सेल, मोटोरोलामध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'सिम्स', मग सिमचं नाव. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'मोबाइल सर्व्हिस'मध्ये (जुन्या आवृत्तीत 'मोबाइल डेटा') 'वायफाय कॉलिंग'. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाका. दोन सिम असतील तर दोन्हींना वेगवेगळं चालू करावं लागतं. 'मोबाइल नेटवर्क प्रिफर्ड' की 'वायफाय प्रिफर्ड' असं विचारलं, तर घरात रेंज एकच काडी असणाऱ्यांनी वायफायच निवडावं. नाहीतर फोन त्या एका काडीलाच चिकटून राहतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. एअरप्लेन मोड चालू करा, त्यातच वायफाय परत चालू करा, मिनिटभर थांबा आणि कॉल लावा. लागला तर काम झालं. वरच्या पट्टीत 'व्होवायफाय' किंवा कंपनीच्या नावापुढे 'वायफाय' दिसेल. एअरप्लेन मोडशिवाय केलेली चाचणी फसवी असते, कॉल टॉवरवरून गेला की वायफायवरून ते कळतच नाही.

बटणच दिसत नसेल, तर त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या सिमकंपनीची सोय नाही. अमेरिकेहून भावाने पाठवलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये हे वरचेवर होतं. अपडेट करून पाहा. बटण चालू आहे पण खूण येत नाही, तर दोष बहुधा वाटेत आहे. त्या बोगद्याला यूडीपीचे 500 आणि 4500 हे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवर जायच्या क्रमांकित वाटा, लागतात, आणि ऑफिस, हॉस्टेल, हॉटेल इथले फायरवॉल ते सर्रास अडवतात. मोबाईल हॉटस्पॉटवर चालतंय आणि घरच्या वायफायवर नाही, असं असेल तर राउटरमध्ये 'व्हीपीएन पासथ्रू'खाली 'आयपीसेक' चालू करा. जाहिराती अडवणारा डीएनएस (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा) लावला असेल तर तो काढून पाहा. कंपनीच्या दाराचं नाव त्यात सापडलं नाही तर बोगदा सुरूच होत नाही. लॉगिनचं पान येणाऱ्या वायफायवर ते पान पार केल्याशिवाय काहीच होणार नाही. आणि राउटरमध्ये मॅक फिल्टर (यंत्राचा मॅक पत्ता बघून ठरावीक यंत्रांनाच आत घेणारी सोय) लावला असेल, तर आयओएस 14 आणि अँड्रॉइड 10 पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता दाखवतो हे ध्यानात ठेवा. अशा राउटरवर फोन आत शिरतच नाही. मी तर फिल्टरच काढा म्हणेन, त्याने सुरक्षा फारशी वाढत नाही.

आवाज तुटतो तेव्हा लोक प्लॅन वाढवतात. त्याची गरज नसते. एका कॉलला दोन्ही बाजूंनी मिळून सेकंदाला 200 किलोबिटसुद्धा लागत नाहीत. तुटतो तो अपलोड तुंबल्यामुळे, म्हणजे कुणाच्या तरी फोनमधून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढत असतात. ते थांबवा. नाहीतर वायफायची ताकद कमी असते: बोलण्यासाठी उणे 67 डीबीएमच्या (हे ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं) आसपास हवी, उणे 75 च्या खाली आवाज गुदमरायला लागतो. जांभ्याच्या किंवा दगडी भिंतीआड 5 गिगाहर्ट्झ पोचत नाही, तिथे 2.4 वापरा आणि चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी एक ठेवा. माडीवर दुसरा राउटर लावत असाल तर तो 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये ठेवा, म्हणजे तो पहिल्याच राउटरचं वायफाय नुसतं पुढे पसरवतो. नाहीतर जिना चढताना फोनचा पत्ता बदलतो आणि बोलणं मध्येच अडखळतं.

पावसाळ्यात लाइट गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद म्हणजे फोनही बंद. राउटरचा छोटा यूपीएस घ्या, पण आधी ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा: बहुतेक 12 व्होल्ट असतं, अँपिअर मात्र 1 पासून 2 पर्यंत काहीही. यूपीएसचे अँपिअर तितके किंवा जास्त हवेत, व्होल्ट अगदी तेच. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅटरी लागते. नुसत्या राउटरला दिली तर वायफाय दिसेल, इंटरनेट नसेल. आणि 112 ला फोन लावायची वेळ आली, तर फोन आधी कुठल्याही कंपनीचा टॉवर शोधतो. कॉल वायफायवरून गेलाच तर टॉवरवरून ठिकाण कळत नाही, म्हणून गाव, वाडी आणि जवळची खूण पहिल्याच वाक्यात सांगा.