पोरीला बर्फावर सोडताना

साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला की हा प्रश्न येतोच. इथल्या महाराष्ट्र मंडळात भेटणारे विचारतात, भिंतीवरचा जाळीच्या हेल्मेटमधला फोटो बघून घरी येणारे पाहुणेही विचारतात. "एवढीशी पोर, दगडासारखा बर्फ, आणि तुम्ही तिला आइस हॉकी खेळू देता? भीती नाही वाटत?" आजवर मी "इथे बऱ्याच मुली खेळतात हो" म्हणून विषय बदलत आले. पण ते काही उत्तर नव्हे. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते. भीती वाटते. आणि ती वाटते तेव्हा मला बिल मास्टरटन हा जुना हॉकीपटू आठवतो.

आम्ही मिनेसोटातल्या ब्लूमिंग्टनला राहतो. इथल्या मॉल ऑफ अमेरिकाच्या शेजारी पूर्वी मेट सेंटर नावाचं हॉकीचं स्टेडियम होतं. आता ते नाही, तिथे खेळणारा नॉर्थ स्टार्स हा संघही १९९३ साली डॅलसला गेला. इथे राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मुलीच्या सरावाला एका आजोबांनी मला मास्टरटनची गोष्ट सांगितली. मग मी मिळेल ते वाचत गेले.

तो कॅनडातल्या विनिपेगचा, जन्म १९३८ चा. डेन्व्हर विद्यापीठाकडून खेळताना गाजला. १९६१ च्या आंतरविद्यापीठ अजिंक्यपद स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला. माँट्रियल कॅनेडियन्सने त्याला करारबद्ध केलं, पण त्यांच्या मुख्य संघात त्याला जागा मिळाली नाही. तेव्हा एनएचएल या सर्वांत वरच्या लीगमध्ये संघच मुळी सहा. क्लीव्हलँडला खालच्या लीगमध्ये त्याने उत्तम हंगाम काढला, तरी बोलावणं आलं नाही. १९६३ मध्ये त्याने व्यावसायिक खेळ सोडला, पुढचं शिकला, मिनियापोलिसला हनीवेल कंपनीत नोकरीला लागला. बायको कॅरल, दत्तक घेतलेली दोन मुलं. संध्याकाळी हौशी संघात हॉकी. आपल्याकडे अशा माणसाला "वेळीच शहाणा झाला" म्हणतात, आणि मलाही त्याचा तोच शहाणपणा फार आवडतो.

मग १९६७ साली लीगने एकदम सहाचे बारा संघ केले. त्यातला एक त्याच्या दाराशीच आला, मिनेसोटा नॉर्थ स्टार्स. या संघाशी करार करणारा पहिला खेळाडू तोच. ११ ऑक्टोबरला सेंट लुईसविरुद्ध संघाच्या इतिहासातला पहिला गोलही त्याचाच. एकोणतिसाव्या वर्षी, सगळं मागे सोडून दिल्यावर मिळालेली संधी. हे ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं इथेच अडकलेलं आहे.

१३ जानेवारी १९६८. मेट सेंटरमध्ये ओकलंड सील्सविरुद्ध सामना, पहिलंच सत्र. मास्टरटनने वेगात पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, पुढे नेला, तो सोडला, आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्धी संघातले दोघं त्याच्या अंगावर आले. धडक नियमातच बसणारी होती. तो मागच्या मागे पडला आणि डोकं बर्फावर आपटलं. हेल्मेट नव्हतं. तेव्हा ते जवळजवळ कुणीच घालत नसे, घालणाऱ्याला भित्रा समजत. मेंदूला इतकी सूज होती की डॉक्टरांना शस्त्रक्रियाही करता आली नाही. १५ जानेवारीला पहाटे तो गेला. एनएचएलच्या सामन्यातल्या दुखापतीने थेट मृत्यू झालेला तो आजवरचा एकमेव खेळाडू. ३८ सामने, ४ गोल. धडक देणाऱ्यांपैकी रॉन हॅरिसला ते जन्मभर सलत राहिलं. त्याच्याबद्दलही मला वाईट वाटतं.

हेल्मेटची सक्ती व्हायला त्यानंतर अकरा वर्षं लागली. १९७९ मध्ये नियम आला, तोही नव्याने करार करणाऱ्यांपुरता. हेल्मेटशिवाय खेळणारा शेवटचा खेळाडू १९९७ मध्ये निवृत्त झाला. हे मी सांगते तेव्हा सगळे सुटकेचा श्वास सोडतात. म्हणजे आता हेल्मेट आहे, प्रश्न मिटला!

नाही मिटला. शहाळं जोरात हलवून बघा. कवटी जशीच्या तशी राहते, आत पाणी डचमळतं. हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतला मेंदू हिंदकळायचा पुरता थांबत नाही. २०११ साली टोरोंटो स्टार या वर्तमानपत्राने मास्टरटनच्या मृत्यूचा पुन्हा शोध घेतला, तज्ज्ञांचं मत घेतलं. आधीच्या एखाद्या आघातातून त्याचा मेंदू सावरलेला नसावा, असा त्यातून निघालेला अंदाज. आधीच्या दिवसांत त्याचं डोकं दुखत होतं, हे त्याला जवळून पाहणाऱ्यांनीही सांगितलं होतं. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा ताबा सुटून भराभर सूज चढू शकते. तरी तो खेळत राहिला. चार वर्षं दार बंद असलेल्या माणसाला ते उघडल्यावर "आज माझं डोकं दुखतंय" असं म्हणणं किती अवघड गेलं असेल!

लीग त्याच्या नावाने दरवर्षी एक चषक देते, चिकाटी, खिलाडूपणा आणि खेळावरची निष्ठा यांसाठी. तो मिळवणारे खेळाडू खरंच थोर असतात, आजारातून, अपघातातून उठून आलेले. पण त्यातला चिकाटी हा शब्द वाचला की मला दर वेळी धस्स होतं.

माझ्या मुलीनेही एकदा लपवलं होतं. दोन वर्षांपूर्वी सरावात कठड्यावर आदळली, आणि शनिवारी सामना म्हणून दोन दिवस गप्प राहिली. ट्यूबलाइटचा उजेड तिला सोसवेना तेव्हा मला कळलं. मिनेसोटात २०११ पासून कायदा आहे. अशी लक्षणं दिसली की मुलाला मैदानाबाहेर काढायचं, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत उतरवायचं नाही. पण आत काय दुखतंय ते मुलाने सांगितलंच नाही, तर कायदा तरी काय करणार? त्या रात्री दिवा मालवून, तिच्या उशाशी बसून मी तिला मास्टरटनची गोष्ट सांगितली. रागावले नाही. ती फक्त म्हणाली, "त्याची मुलं केवढी होती?" लहान होती, म्हटलं.

म्हणून सासूबाई, मी तिला खेळू देते ते भीती नाही म्हणून नव्हे. मुलींच्या हॉकीत अंगावर धडक मारायला मनाई आहे, चेहऱ्यावर जाळी आहे, हे सगळं खरंच आहे. पण मी विसंबते ती तिच्या सांगण्यावर.

गेल्या महिन्यात सरावाहून येताना गाडीत ती आपणहून म्हणाली, "आई, डोकं जड झालंय, मघाशी पडले होते." दोन दिवसांवर स्पर्धा होती. तिने तो सामना घरच्या कपड्यांत, बाकावर बसून पाहिला. संघ एका गोलने हरला. परतताना ती सबंध रस्ताभर रडली. मी घरी येऊन मऊ भात टाकला, आणि तो होईपर्यंत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.