गच्चीवरचं पाणी आणि आईंचा निळा ड्रम

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आमची बोर दहा मिनिटं चालली की हवा ओढायला लागायची, मोटर बंद करा, तासभर थांबा, परत चालू करा, असं दिवसातून चारदा. नाशिकमध्ये म्हसरूळला घर आहे आमचं, नळाचं पाणी येतं पण ते प्यायला, स्वयंपाकाला आणि वरवरच्या वापरालाच, बाकी सगळं बोरवर. तेव्हाच ठरवलं की या पावसाळ्याच्या आत गच्चीचं पाणी अडवायचंच. खूप जणांनी विचारलं कसं केलं म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

आधी हिशोब केला. गच्ची साधारण ९०० स्क्वेअर फूट, म्हणजे ८४ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो (त्र्यंबक-इगतपुरीचं सोडा, तिकडचा पाऊस वेगळाच), म्हणजे जवळजवळ ५९ हजार लिटर, त्यातलं उडालेलं, कोब्यात मुरलेलं वीस टक्के सोडलं तरी ४७ हजार लिटर उरतं. हा आकडा कागदावर बघितला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, इतकी वर्षं हे सगळं आपण गटारात सोडत होतो. आपल्याकडे गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आपण सगळे बघायला जातो, पण आपल्याच गच्चीवरून काय वाहून जातंय ते कोणी बघत नाही.

प्लंबर म्हणाला पुढच्या आउटलेटला पाइप जोडू, टाकी पुढेच ठेवायचीये. मी म्हटलं आधी बघू तरी पाणी जातं कुठे. मग एका रविवारी मिस्टर गच्चीवर बादल्या ओतत होते, मी जिन्यात आणि आई (सासूबाई) खाली मागच्या अंगणात. आठ बादल्या ओतल्या, पुढच्या आउटलेटमधून एक करंगळीएवढी धार, आणि मागून आईंचा आवाज, "अगं इकडे लोट आलाय लोट!" कोब्याचा ढाळ सगळा मागे होता. घर बांधून चौदा वर्षं झाली आणि हे आम्हाला माहीतच नव्हतं. पुढे पाइप जोडून बसलो असतो तर टाकी कधी भरलीच नसती. तुम्ही कोणी करणार असाल तर हे सगळ्यात आधी करा, फुकटात होतं.

टाकी मग मागेच घेतली, २००० लिटरची काळी, विटांच्या कट्ट्यावर. आउटलेटला जाळी, ४ इंची पाइप खाली, मध्ये फिल्टर (एका जुन्या पिंपात खाली गोटे, वर खडी, वर नायलॉनची जाळी टाकून धुतलेली वाळू), तिथून टाकी आणि टाकीचा ओव्हरफ्लो बोरभोवतीच्या खड्ड्यात, म्हणजे जास्तीचं पाणी बोरमध्ये मुरतं. खड्ड्याचं काम एका माहितगार मिस्त्रीकडून करून घेतलं, केसिंगला (बोरमधल्या पाइपाला) भोकं पाडून वर जाळी गुंडाळायची असते, चुकलं तर बोरमध्ये माती जाते, ते घरच्या घरी करू नका. आणि अंगणातलं, पार्किंगमधलं पाणी बोरमध्ये सोडायचं नाही, फक्त गच्चीचं.

आता मुख्य गोष्ट, पहिलं पाणी. उन्हाळाभर गच्चीवर धूळ, पारव्यांची घाण, शेजारच्या कडुनिंबाचा पाला, हे सगळं पहिल्या सरीबरोबर खाली येतं, ते टाकीत जाऊ द्यायचं नसतं. प्लंबरने त्यासाठी पाच फुटांचा एक उभा पाइप खाली सोडून एन्ड कॅप लावून दिली, पहिलं पाणी त्यात अडकेल म्हणाला. मृग लागला, तिसऱ्या दिवशी चांगली अर्धा तास सर आली, आम्ही सगळे छत्र्या घेऊन टाकीपाशी. सकाळी झाकण उघडलं तर पाणी चहासारखं आणि पारव्यांच्या घाणीचा वास. फार निराश झाले मी. मग परत हिशोब केला, चार इंची पाइपात मीटरला जेमतेम ८ लिटर मावतं, म्हणजे पाच फुटांत १२ लिटर, आणि आमच्या गच्चीवर नुसत्या १ मिलिमीटर पावसाचं पाणी होतं ८४ लिटर! पाइप दोन मिनिटांत भरला आणि मागून सगळी घाण टाकीत.

मी म्हटलं निदान दीडशे-दोनशे लिटर सोडून द्यायला पाहिजे, तर आई गप्पच झाल्या. त्यांचं माहेर मनमाडचं. नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी, तेही रात्री कधीतरी, वाट्या-तांबे सुद्धा भरून ठेवायचे असं त्या नेहमी सांगतात. तांदूळ धुतलेलं पाणी अजूनही त्या कुंडीतच घालतात. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पावसाचं पहिलं पाणी कोणी टाकून देतं का गं?" मला काही उत्तर सुचेना, कारण त्यांचं चूक नव्हतंच.

शेवटी त्यातूनच मार्ग निघाला, उभ्या पाइपाच्या जागी २०० लिटरचा निळा ड्रम बसवला, पक्क्या झाकणाचा, खाण्याच्या तेलाचा होता तो बघून घेतला, केमिकलचा घेऊ नका. पाइप ड्रमच्या एका बुचात, ड्रम भरला की पाणी वर चढून टी-मधून (तीन तोंडांचा जोड) आपोआप फिल्टरकडे वळतं. पहिल्यांदा बादलीने पाणी सोडून बघितलं तर नुसतं गुडगुड वाजायला लागलं आणि पाणी खाली उतरेचना, आतली हवा अडकली होती. मग दुसऱ्या बुचातून अर्धा इंची पाइप टी-च्याही वरपर्यंत नेला, हवा निघून गेली आणि पाणी सरळ उतरलं. ड्रमला खाली एक तोटी. ते पाणी आईंचं, त्यातून जास्वंद, कढीपत्ता, मागचं अंगण धुणं सगळं होतं. एक थेंब टाकला जात नाही.

तोटी उघडून ड्रम दर पावसानंतर रिकामा करायचा असतो, तीन-चार दिवस उघडीप मिळाली की गच्चीवर परत घाण साचते ना. झड लागली असेल तेव्हा एवढं बघावं लागत नाही. टाकीचं झाकण घट्ट पाहिजे आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी बांधायचीच, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. प्यायला आम्ही हे पाणी वापरत नाही, कपडे, भांडी, केस धुवायला वापरतो, आमच्या बोरच्या पाण्याने तोट्यांवर पांढरे थर बसतात आणि या पाण्यात चिमूटभर पावडरला केवढा फेस येतो.

या वर्षी एप्रिलमध्ये बोर रोज चाळीस मिनिटं चालली. सगळं श्रेय खड्ड्याला देता येणार नाही, मागचा पाऊसही चांगला होता, पण मला फार बरं वाटलं. आता वळिवाच्या दोन सरी होऊन गेल्यात, फिल्टरची वाळू काढून धुवून वाळत घातलीये, कुरडयांच्या शेजारीच. गच्ची झाडून झाली. पुढचं आउटलेट अजून तसंच आहे, त्यातून जाणारी करंगळीएवढी धार आईंना बघवत नाही, म्हणून गुरुवारी प्लंबर येतोय आणि येताना आईंनी सांगितलेला दुसरा ड्रम आणतोय.