खोय : पहारेकऱ्यांचं गाव

रशियातल्या चेचन्याची राजधानी ग्रोझनी, तिथून सकाळी सातला निघालो, मी, बायको आणि ड्रायव्हरकाका. काकांना इंग्रजी शून्य, आम्हाला रशियन शून्य, त्यामुळे सगळी भिस्त मोबाईलच्या ट्रान्सलेटरवर, आणि वाटेतलं वेदेनो गाव सोडल्यावर रेंजही गेली म्हणजे तो विषयच संपला, तरी आधी डाऊनलोड करून ठेवलेलं थोडंफार चालत होतं. खारामीचा घाट साधारण 2,200 मीटरवर जातो, वर इतकं धुकं की गाडीचं बॉनेट दिसेना. खाली उतरलं की केझेनोय-आम तलाव. सगळे तिथेच थांबतात, फोटो काढतात, परत फिरतात. आम्ही पुढे गेलो.

खोय अगदी कड्याच्या टोकावर आहे. चेचन भाषेत खोय म्हणजे पहारेकरी. शेजारच्या दागेस्तान प्रांताच्या बाजूने कोण येतंय यावर नजर ठेवणं हेच या गावाचं काम, म्हणून तो उंच दगडी बुरूज. बुरुजाच्या भिंतीत मधेच एखाद्या दगडावर गोल गोल वळत जाणारी नक्षी कोरलेली दिसते, मी बोट फिरवून पाहिलं, कडा पार गुळगुळीत झाल्यात.

हे गाव पुढे ओस पडलं. आता मला वाटलेलं, लोक हळूहळू शहरात गेले असतील, आपल्याकडे डोंगरातल्या वाड्या ओस पडतात तसं. पण नाही हो. 23 फेब्रुवारी 1944, लाल सैन्याचा दिवस. स्टालिनच्या हुकमाने त्या दिवसापासून आठवड्याभरात जवळजवळ पाच लाख चेचन आणि त्यांचे शेजारी इंगुश लोक ट्रकात आणि मग मालगाड्यांत कोंबून कझाकस्तान-किर्गिझस्तानला पाठवले. ट्रक अमेरिकेने युद्धासाठी दिलेले स्टुडबेकर! हा भाग दागेस्तानला जोडून टाकला आणि तिकडच्या लोकांना जबरदस्तीने इकडच्या रिकाम्या गावांत आणून बसवलं, म्हणजे त्यांचीही फरफटच. 1957 मध्ये चेचन लोकांना परतायची परवानगी मिळाली, पण डोंगरातल्या कितीतरी गावांत राहायला बंदीच, खाली सपाटीवर राहा म्हणे. मला हे जास्त लागलं. आलात ना परत, मग घरी नका जाऊ.

काकांचे वडील कझाकस्तानात जन्मलेले, एवढंच ते बोलले, मी पुढे विचारलं नाही.

गेल्या काही वर्षांत इथे बरंच रिस्टोरेशन झालंय. घरं, मशीद, सगळं टकाटक. खरं सांगू का, मला ती नवी फिनिशिंग जरा खटकली, सेटवर आल्यासारखं वाटतं. पण टोकाला काही ढिगारे तसेच आहेत, कंबरेएवढ्या भिंती, आत खाजकुइलीसारखं काहीतरी माजलेलं. तिथे एका सपाट दगडावर टेकलो आणि थर्मास उघडला, तर काका लांबूनच हात हलवत आले. मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर आलं, "उंबऱ्यावर बसू नका. घर आहे."

उठलो, चहा उभ्यानेच घेतला.