रात्री 2:13

नवतपा लागलाय. ऑफिसचा कूलर नुसताच घरघरतो, म्हणून डोक्याचं काम बाजूला ठेवलं आणि जुनी फोल्डरं हार्ड डिस्कवर टाकायला बसले. फायनल फाइल, लागलेले फोटो, फॉन्ट आणि प्रिंटरला गेलेली पीडीएफ, एवढंच ठेवायचं. ‘फायनल नवं’, ‘फायनल खरंच’, ‘फायनल भाऊंनी सांगितलेलं’ ही सगळी पिलावळ उडवायची. फॉन्ट मात्र विसरायचा नाही. श्रीलिपीचा फॉन्ट नसला की छान मराठी मथळ्याचा इंग्रजी अक्षरांचा खिचडा होतो, हे एकदा भोगलंय.

2019 चं राहिलं होतं. टाळत होते असं नाही.

साडीवाल्यांच्या सेलचा फ्लेक्स, 12 बाय 8. बदल केल्याची तारीख: 28 मे 2019, रात्री 2:13.

त्या रात्री मी इथे होते? मला तर आपण मेडिकल हॉस्पिटललाच होतो असं आठवतं. वॉर्डाबाहेरचा तो बाक, दादाच्या हातातली बिसलरीची बाटली. पण फाइल म्हणते, दोन वाजून तेरा मिनिटांनी तू ‘भव्य सेल’मधला ‘भव्य’ आणखी भव्य करत होतीस. सकाळी प्रिंटरवाला रोल लावणार होता, ते खरं. क्लायंटला पिवळा रंग ‘फिका लागून राहिला’ होता, तेही खरं. तरी दोन वाजता? एक दिवस उशिरा सेल लागला असता तर सीताबर्डी ओस पडली असती का?

बाबांनी विचारलं असेल का, कुठे आहे म्हणून... जाऊ दे.

कॉपी केली. डिस्कवर ‘तयार केल्याची तारीख’ आजची आली, बदलाची तीच राहिली. 2:13. कॉपी केल्याने ती हलत नाही, हे मला माहीत होतं, तरी पुन्हा बघितलं. फाइल उघडून, एखादं अक्षर केसभर सरकवून कंट्रोल एस दाबलं असतं तर आजची तारीख लागली असती. उघडलीसुद्धा. पिवळा खरंच फिका होता.

‘मॅडम, काहून इतका वेळ लागून राहिला? डिस्क अटकली का?’ पोरगा दारातून ओरडला. नाही रे बाप्पा, म्हटलं, डिस्क बरी आहे. सेव्ह न करता बंद केली.

मग आठवलं. सेल संपल्यावर तोच फ्लेक्स कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर चढला होता. पावसाळाभर आमच्या डोक्यावर उलटा ‘भव्य’. त्याखाली उभं राहून मी कितीतरी चहा प्यायलेय. एक थेंबही गळला नाही. रात्री दोन वाजता केलेलं काम निदान कुणाच्या स्टोव्हला उपयोगी पडलं.

नेहमीप्रमाणे दोन डिस्कवर प्रती केल्या. एक ऑफिसच्या कपाटात, एक घरी न्यायची. दोन्हीवर उघडतंय ते बघितलं आणि मगच मशीनवरचं उडवलं.

संध्याकाळी दादाला फोन केला. त्या रात्रीचं विचारणार होते. तो म्हणाला, कूलरचा पंप जळला, मेकॅनिक दोन दिवस येतोच म्हणून राहिला. मग पंपाबद्दलच बोललो, वीस मिनिटं.