नेरुळहून परतल्यावर, रात्री दोन वाजता

झोप येणं शक्यच नाही. महिला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल बघायला आईला घेऊन ठाण्याहून दुपारीच डी. वाय. पाटील स्टेडियमला पोचलो होतो. पावसानं दोन तास खाल्ले. ओल्या खुर्चीवर रुमाल पसरून आई शांत बसून. "एवढ्या लांब आलोय, मॅच बघूनच जायचं."

मग सुनिधी चौहान मैदानात आली. १९९६ मध्ये दूरदर्शनवरची गाण्याची स्पर्धा जिंकणारी ती चिमुरडी आईच्या अजून लक्षात आहे. राष्ट्रगीत सुरू झालं आणि आजूबाजूचे सगळेच तिच्यासोबत गायला लागले. अंगावर सर्रकन काटा आला. आईचा रुमाल खाली पाण्यात पडला, तिनं वाकूनही पाहिलं नाही. हात सरळ, डोळे भरलेले. गुडघ्यांमुळे घरी ती दोन मिनिटंसुद्धा उभी राहत नाही हो!

राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, आणि आपण जिंकलोही ५२ धावांनीच. शफालीच्या ८७ धावा, दीप्तीच्या ५ विकेट, हरमनप्रीतचा तो शेवटचा झेल, सगळं डोळ्यांनी पाहिलं. आपल्या मुलींचा पहिला वर्ल्ड कप, आणि तोही नवी मुंबईत!

बाहेर पडताना अनोळखी बायका आईच्या गळ्यात पडत होत्या. रुमाल तिथंच राहिला.