मुठीतल्या कवड्या, खिशातली नाणी

रविवार, रात्री

दुपारी जेवताना मामा परत सुरू झाले. तुमचं तत्त्वज्ञान म्हणजे अडीच हजार वर्षं तेच दळण, सायन्स बघ कुठे पोचलं आणि तुम्ही अजून ज्ञान म्हणजे काय यावरच अडकलेले. पानावर वाद नको म्हणून गप्प बसलो, पण डोक्यातून जात नाहीये.

तेच तेच होतं हे मान्यच आहे. मामांनी काढलेला ज्ञानाचाच प्रश्न घेऊ. आठव्या शतकात धर्मोत्तर नावाचा बौद्ध पंडित होऊन गेला, त्याचं उदाहरण असं. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवलाय, धूर अजून निघालेला नाही, पण मांसाच्या वासाने वर माश्यांचा थवा जमलाय. लांबून एकाला तो थवा धुरासारखा दिसतो आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग आहेच की! मग त्याला ते माहीत होतं म्हणायचं का? पुढे बाराव्या शतकात श्रीहर्ष नावाचा वेदान्ती तसंच विचारतो, बंद मुठीत कवड्या किती, समोरचा ठोकून देतो पाच, आणि निघतात पाचच. आणि 1963 साली एडमंड गेटिअर नावाचा अमेरिकन प्राध्यापक जेमतेम तीन पानांचा पेपर लिहितो, त्यात नोकरीसाठी आलेला एक माणूस आहे आणि खिशात दहा नाणी आहेत, आणि मुद्दा परत हाच, की गोष्ट खरी, विश्वासही पक्का, विश्वासाला कारणही आहे, तरी ते ज्ञान नाही.

मुठीतल्या कवड्या आणि खिशातली नाणी! हे पहिल्यांदा शेजारी शेजारी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण नीट बघितलं तर दोघांना वेगवेगळं हवंय. श्रीहर्षाला दाखवायचंय की ज्ञानाची कुठलीच व्याख्या टिकत नाही, तो नैयायिकांचा, म्हणजे न्यायशास्त्रवाल्या तार्किकांचा, सगळा डोलाराच पाडायला निघालाय. गेटिअर एक व्याख्या पाडतो, की कारणासकट खरा विश्वास म्हणजे ज्ञान, आणि थांबतो. म्हणजे प्रश्न परत आला तरी तो येताना दुसरंच काम घेऊन आला, याला नुसतं दळण कसं म्हणायचं? हां, गेटिअरनंतर व्याख्येला ठिगळ लाव, मग कोणीतरी नवं उदाहरण काढून ते फाड, हा जो प्रकार वर्षानुवर्षं चालला त्यातलं बरंचसं मलाही कंटाळवाणंच वाटतं, तिथे मामा बरोबर आहेत.

पण मागे सोसायटीच्या ग्रुपवर गुरुवारी पाणी येणार नाही असा मेसेज आला होता, तो होता आदल्या वर्षीचा, कोणीतरी तारीख न बघता फॉरवर्ड केलेला, आणि नेमकी त्याच गुरुवारी पाइपलाइन फुटली आणि पाणी खरंच आलं नाही. मामी म्हणाल्या, बघा, मला माहीत होतं. यावर मामाच तावातावाने सांगत होते की तुला काहीएक माहीत नव्हतं, मेसेज जुना होता, जुळून आलं इतकंच. हा धर्मोत्तराचाच मुद्दा आहे मामा! आणि आता तर दिवसभर फोनवर जे काय येतं त्यातलं खरं निघालं तरी मला ते माहीत होतं का, हा प्रश्न रोज पडायला हवा.

खरं दळण परीक्षेत चालतं. गाइडमधून प्लेटोची मतं पाठ करायची आणि पेपरात उतरवायची. त्याच्या ज्या संवादात ज्ञानाची ही, कारणासकट खऱ्या विश्वासाची, व्याख्या पुढे येते तिथेच शेवटी सॉक्रेटिस ती नाकारतो, हे किती जणांपर्यंत पोचतं?

मला सारखं आठवतं ते 1983 सालचं पुणं. मे. पुं. रेगे, दयाकृष्ण वगैरे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी न्यायशास्त्राचे पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसवले आणि इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचं म्हणणं संस्कृतात आणून पंडितांपुढे ठेवलं. नैयायिकांकडे वाक्य आहे, वाक्यातून होणारं ज्ञान आहे, पण दोघांच्या मधे आणखी तिसरं काही, म्हणजे वाक्याचा नुसता आशय (इंग्रजीत प्रपोझिशन), मानायची त्यांना गरजच पडली नव्हती, आणि रसेल तर त्या तिसऱ्याचाच विचार करत बसलेला. शेकडो वर्षं दोन्हीकडे चाललेलं असं एकमेकांवर आपटलं की काय होत असेल! असलं काही परत कोणी घडवून आणत असेल तर मी रजा टाकून जाईन, मागच्या रांगेत का होईना बसेन, आणि जमलं तर मामांनाही घेऊन जाईन.